रबाळ्यात पक्षी कशासाठी मोजायचे?

नवी मुंबईतलं रबाळे म्हटलं की ठाणे-बेलापूर रस्ता, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कारखाने आणि ट्रान्स-हार्बरची लोकल आठवते. नकाशावर मात्र ही वस्ती दोन अधिवासांच्या मधोमध बसलेली दिसते. पूर्वेला पारसिकच्या डोंगररांगेचा उतार आणि पश्चिमेला ठाणे खाडीची कांदळवनं, त्यापुढे ओहोटीला उघडा पडणारा चिखल. दर हिवाळ्यात या खाडीत रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो उतरतात आणि त्यांच्या संख्येची बातमी होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) गणतीत हा आकडा अलीकडे लाखापलीकडे गेला आहे. आकडा मोठा, म्हणजे खाडी ठणठणीत, असं आपण लगेच धरून चालतो आणि तिथेच चुकतो. एका वर्षाचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. तीच जागा, तोच हंगाम, भरती-ओहोटीची तीच वेळ आणि दिसतील ते सगळे पक्षी, या शिस्तीने वर्षानुवर्षं केलेली नोंदच खाडीची खरी अवस्था सांगते. हे काम कंटाळवाणं आहे, आणि रबाळ्यासारख्या कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या ठिकाणी तर ते अधिकच गरजेचं आहे.

खाडीतल्या गणतीत घड्याळापेक्षा भरतीच्या तक्त्याला मान असतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी मैलोन्‌मैल विखुरतात. पाणी चढू लागलं की त्यांना उभं राहायला जागा उरत नाही आणि ते भांडुपच्या उदंचन केंद्रालगतच्या पाणथळीत किंवा नेरूळकडच्या तळ्यांत गोळा होतात. ऐरोलीकडच्या गटाने सकाळी मोजलेला थवा दुपारी भांडुपकडच्या गटानेही मोजला, तर एकच पक्षी दोनदा नोंदला जातो. म्हणून दोन्ही काठांवर एकाच वेळी माणसं लागतात. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी पन्नास किंवा शंभर पक्ष्यांचा एक ठोकळा नजरेत पक्का करायचा, मग थव्यात तसे किती ठोकळे बसतात ते पाहायचं. जगभर हीच पद्धत चालते. अशी सलग गणती नवी नाही. उत्तर अमेरिकेत १९०० सालच्या नाताळात सत्तावीस जणांनी सुरू केलेली पक्षीगणती आजही चालू आहे. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ मध्ये सुरू झाली आणि १९८७ पासून तिची आशियाई शाखा भारतातही दर जानेवारीत पाणथळी पालथ्या घालते.

फ्लेमिंगोंचा मोठा आकडा फसवा का ठरू शकतो, हे त्यांच्या ताटाकडे पाहिलं की कळतं. खाडीत बहुसंख्येने येणारा छोटा रोहित चोच उलटी करून पाणी गाळतो आणि त्यातलं नीलहरित शेवाळ खातो. आजूबाजूच्या शहरांचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर हे शेवाळ पोसलं जातं. म्हणजे फ्लेमिंगोंची वाढ अंशतः आपल्याच घाणीची पावती असू शकते. त्याच वेळी खाडीत गाळ साचून ती उथळ होते आहे आणि पूर्वी मोकळा असलेला चिखल हळूहळू कांदळवनाखाली जातो आहे. कांदळवन वाढलं याचा आनंद रास्तच आहे. पण चिखल्या, तुतारी, टिलवे यांना झाडी नको, उघडा चिखल हवा. चिखलातले किडे आणि शंखशिंपल्यांतले जीव हे त्यांचं अन्न. सैबेरियाच्या उत्तर टोकाला वीण करून आपल्या किनाऱ्यावर हिवाळा काढणाऱ्या बाकचोच तुतारीला आययूसीएनने २०२४ मध्ये ‘असुरक्षित’ गटात टाकलं. हा करड्या रंगाचा, मुठीएवढा पक्षी कोणी हौसेने बघायला येत नाही. गुलाबी थव्याचाच आकडा छापला गेला, तर ही तुतारी कमी झाल्याचं आपल्या लक्षातही येणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: अंदाजाने मोजलेल्या, त्यातही हौशी मंडळींनी मोजलेल्या आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा? मोठे थवे मोजताना माणसं सहसा कमीच आकडा लावतात, हे खरं. पण दर वर्षी त्याच पद्धतीने मोजलं, तर ती चूकही दर वर्षी साधारण सारखीच राहते आणि चढ-उताराची दिशा तरीही कळते. काटा थोडा चुकीचा असला, तरी तोच काटा वापरला की वजन वाढलं की घटलं हे समजतंच. हौशी नोंदींची ताकद तर ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालाने दाखवून दिली. तीस हजारांच्या आसपास पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकलेल्या तीन कोटी नोंदींतून ९४२ जातींचा आढावा घेता आला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतल्या ६० टक्के घटलेल्या आढळल्या. इतक्या नोंदी पगारी संशोधकांकडून मिळणं अशक्यच होतं.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो. बीएनएचएसने २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या सहा फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले, मग चिखलकाठी दुर्बीण घेऊन उभं राहायचं कशाला? टॅगमुळे एक पक्षी कुठल्या वाटेने गेला, भरतीला कुठल्या तळ्यावर विसावला हे अचूक कळतं, आणि ती माहिती अनमोल आहे. पण बाकीचे लाखभर पक्षी किती होते आणि किती उरले, हे सहा टॅग सांगू शकत नाहीत. ड्रोन थव्याचा फोटो काढेल, पण चिखलाच्या रंगात मिसळून गेलेली तुतारी त्याला दिसणार नाही आणि त्याच्या आवाजाने थवा उठला तर मोजणीच फसेल. ही साधनं गणतीला जोड देतात, तिची जागा घेऊ शकत नाहीत.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे: मोजून पक्षी वाचतात का? नुसतं मोजून वाचत नाहीत. पण मोजल्याशिवाय वाचवल्याचं उदाहरण शोधावं लागेल. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बीएनएचएसचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांच्या नोंदी ठेवल्या होत्या. १९९० च्या दशकात त्यांनी तिथेच पुन्हा मोजलं, तेव्हा घट इतकी भयानक निघाली की ती कोणालाच झटकून टाकता येईना. पुढे डायक्लोफिनॅक या औषधाकडे बोट वळलं आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्याच्या वापरावर भारतात बंदी आली. आधीच्या दशकातल्या त्या नीरस नोंदी नसत्या, तर ‘गिधाडं कमी दिसतात’ ही केवळ कुरकुर राहिली असती. आपल्या खाडीलाही हेच लागू आहे. एखादी पाणथळ नियमितपणे वीस हजार पाणपक्ष्यांना किंवा एखाद्या जातीच्या एक टक्का संख्येला आसरा देत असेल, तर तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीला मिळणाऱ्या रामसर दर्जासाठीचा एक निकष ठरतो. सलग गणतीशिवाय हे सिद्ध होऊच शकत नाही. ठाणे खाडीत २०१५ मध्ये सुमारे १,६९० हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये सुमारे ६,५२१ हेक्टरला रामसर दर्जा मिळाला. नेरूळच्या डीपीएस तळ्यावर २०२४ मध्ये फ्लेमिंगो मेले, तेव्हा भरतीच्या वेळी पक्षी तिथे विसावतात हे आधीपासून नोंदलेलं होतं, म्हणून तळ्याच्या रक्षणाच्या मागणीला बळ आलं. ज्या जागेची नोंद नाही, तिच्यावर भराव पडताना पुरावा म्हणून दाखवायला काहीच नसतं.

मात्र जानेवारीतल्या एका गणतीवर समाधान मानणंही चुकीचं आहे. हिवाळी गणतीत पाहुण्यांची मोजदाद होते. पावसाळ्यात कांदळवनात आणि डोंगरउतारावर घरटी करणारे रहिवासी पक्षी तिच्यातून निसटतात.  शिवाय नवी मुंबईत विमानतळ आल्यामुळे आता पक्ष्यांच्या रोजच्या ये-जा करण्याच्या वाटा कळणं हा माणसांच्या सुरक्षेचाही प्रश्न झाला आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ एका प्रवासी विमानाच्या धडकेत तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले, तेव्हा याची चुणूक मिळालीच होती.

रबाळ्यापुरतं बोलायचं, तर यासाठी मोठा निधी लागत नाही. खाडीकाठची एक ठरलेली जागा, गावातलं तळं आणि डोंगरउतारावरची एक पायवाट, या तीन ठिकाणी हिवाळा, उन्हाळा, पावसाळा आणि पावसानंतर अशा चार फेऱ्या केल्या तरी पाया घातला जाईल. पश्चिम काठावर अभयारण्याच्या निमित्ताने लक्ष असतं. पूर्वेचा हा काठ मात्र कारखाने आणि निवासी इमारतींनी वेढलेला आहे, म्हणून इथे बदल आधी दिसण्याची शक्यता जास्त. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आणि पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्यात साजरा होतोच. पावसानंतरची फेरी त्यातच बसवता येईल. शाळा-महाविद्यालयांनी आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांनी झाडं लावण्याच्या कार्यक्रमाइतकंच बळ या कामाला द्यावं. अट एवढीच, की एखादा पक्षी दिसला नाही तर रकान्यात शून्य लिहायचं, तो रिकामा सोडायचा नाही. पुढच्या पिढीला काय हरवलं आणि कधी हरवलं हे त्या शून्यांवरूनच कळणार आहे, आणि वेळेत कळलं तर हरवणं थांबवताही येईल.