सबट्रिमखाली झाकलेली चूक

मॉडेल हेलिकॉप्टर पहिल्यांदा जोडणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी, की रेडिओ आता इतके प्रगत झालेत की सर्व्हो कसाही बसवा, राहिलेलं ट्रान्समीटरमध्ये जुळवून घेता येतं. हॉर्न थोडा तिरका बसला? सबट्रिम (सर्व्होचा मध्य सरकवणारं सेटिंग) द्या, झालं.

तसं होत नाही. १२० अंशांच्या स्वॉशप्लेटला, म्हणजे मुख्य पात्यांचा कोन बदलणाऱ्या तबकडीला, तीन सर्व्हो मिळून उचलतात. स्टिक मधोमध असताना हॉर्न आणि लिंक यांच्यात ९० अंशांचा कोन असेल, तरच हॉर्न वर आणि खाली सारखीच चाल देतो. एक जरी तिरका राहिला तरी तिघांच्या चाली जुळत नाहीत आणि पिच वाढवताना स्वॉशप्लेट कलते. सबट्रिमने हॉर्न ९० अंशांवर आणता येतो, पण सबट्रिम जास्त झाला की एका बाजूची चाल कमी उरते. फ्लायबारलेस युनिट (हेलिकॉप्टर स्थिर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असेल तर ट्रान्समीटरमधला सबट्रिम शून्यच हवा, नाहीतर युनिट ती पायलटची आज्ञा समजतं. बारीक जुळवणीची सोय युनिटमध्येच असते.

त्याआधी हॉर्न काढून फिरवून बघावा. २५ दात्यांच्या सर्व्होवर एक दाता म्हणजे १४.४ अंश. पण २५ ला ४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे चार हातांच्या हॉर्नचा प्रत्येक हात थोड्या वेगळ्या कोनात बसतो आणि ३.६ अंशांच्या टप्प्याने जागा मिळते. त्यातला सर्वांत जवळचा हात ठेवून उरलेले तीन कापायचे. पाच मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या मते सबंध जोडणीतलं सर्वांत महत्त्वाचं.

दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा आहे: रडर स्टिक उजवीकडे नेल्यावर नाक उजवीकडे वळेल अशी शेपटाची पाती हलली, म्हणजे शेपूट स्थिर ठेवणारा जायरोही बरोबर. स्टिकची दिशा आणि जायरोच्या दुरुस्तीची दिशा ही दोन स्वतंत्र सेटिंग्ज आहेत. हेलिकॉप्टर हातात धरून नाक झटकन उजवीकडे फिरवा. शेपटाच्या पात्यांनी नाक डावीकडे ढकलण्याच्या दिशेने वळायला हवं. उलट असेल तर जायरो चूक वाढवत नेतो आणि जमीन सोडताच हेलिकॉप्टर गरगरत सुटतं. शेपटाच्या सर्व्होचा पल्सही तपासावा. नेहमीच्या सर्व्होचा मध्य १५२० मायक्रोसेकंदांचा, नॅरो-पल्सवाल्याचा ७६०. युनिट ७६० वर ठेवून नेहमीचा सर्व्हो जोडला तर तो एका टोकाला जाऊन अडतो, तापतो आणि जळू शकतो.

अँटेना आता छोटी असते म्हणून ती कुठेही चिकटवली तरी चालते, हेही खरं नाही. २.४ गिगाहर्ट्‌झची तरंगलांबी साधारण १२.५ सेंमी; अँटेनाचं उघडं टोक तिच्या चौथ्या भागाएवढं, सुमारे ३१ मिमी असतं आणि खरं काम तेच करतं. ते कार्बनच्या फ्रेमला चिकटलं तर सिग्नल अडतो. दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात ठेवाव्यात.

हवेत एकाएकी झटका बसला की दोष रेडिओला दिला जातो. पुष्कळदा कारण वीजपुरवठ्यात असतं. सगळे सर्व्हो एकदम जोर लावतात, बीईसी (त्यांना आणि रिसीव्हरला वीज देणारं सर्किट) तेवढा करंट देऊ शकत नाही, व्होल्टेज घसरतं आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. बेल्टवर चालणाऱ्या शेपटात घर्षणाने स्थिर विद्युत साचते, तिचाही त्रास होतो. टेल बूम आणि फ्रेम तारेने जोडली की तो बहुधा थांबतो.

आणि ‘छोटं मॉडेल आहे, काय होणार’ हा समज तर टेबलावरच सोडायला हवा. ४५० वर्गाच्या हेलिकॉप्टरची पाती ३२५ मिमीच्या आसपास असतात. मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर त्यांच्या टोकांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणून ही सगळी जुळवणी करताना ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी किमान दोन तारा काढून ठेवाव्यात. सिग्नल तुटल्यावर मोटर बंद होईल असा फेलसेफ लावावा, आणि तो तपासायला मुख्य व शेपटाची पाती उतरवूनच त्या तारा पुन्हा जोडाव्यात.