केपटाऊनची सहल : स्वस्त तिकीट नेमके कशाला म्हणावे?

कोकणातील मुस्लिम वस्त्यांना केपटाऊन हे नाव नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे रोजगारासाठी तेथे गेली आणि तेथेच स्थायिक झाली. त्या काळी हा प्रवास आगबोटीचा होता. स्वातंत्र्यानंतरही 'करंजा' व 'कंपाला' या बोटी मुंबईहून पूर्व आफ्रिकेमार्गे डर्बनपर्यंत जात असत. वर्णद्वेषी राजवटीमुळे भारत व दक्षिण आफ्रिका यांच्यातील तुटलेले राजनैतिक संबंध १९९३ मध्ये पुन्हा जुळले आणि येण्याजाण्याचा मार्ग मोकळा झाला.

आता नातेवाइकांची भेट आणि टेबल माउंटनची सहल एकाच फेरीत उरकावी असा विचार मध्यमवर्गीय घरांतही होतो. मात्र चार माणसांच्या विमान तिकिटांचा आकडा लाखांत जातो. ही रक्कम बहुधा वर्षानुवर्षांच्या बचतीतून उभी राहते. म्हणून 'सर्वांत स्वस्त तिकीट' शोधण्यापूर्वी स्वस्त कशाला म्हणायचे, याचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

दर ठरतो कसा?

एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे दर दिलेले असतात, हे आता सर्वांना माहीत आहे. यामागे एक जुने व्यापारी शास्त्र आहे. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवण्यात आले. पुढे स्वस्त दराच्या नव्या कंपन्यांना तोंड देण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये आगाऊ खरेदी करणाऱ्यांना मोठी सवलत दिली. शेवटच्या क्षणी येणाऱ्या व्यापारी प्रवाशांसाठी मात्र काही जागा चढ्या दराने राखून ठेवल्या. ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली.

विमानातील साध्या वर्गाच्याही अनेक दरश्रेणी असतात व प्रत्येक श्रेणीत ठरावीक जागा असतात. खालच्या श्रेणीतील जागा संपल्या की वरची श्रेणी उघडते. दर रात्रीतून वाढला म्हणजे कोणी आपल्यावर पाळत ठेवली असे नव्हे. बहुतेक वेळा खालची श्रेणी संपलेली असते.

यातूनच कुटुंबांना उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. समजा, सर्वांत खालच्या श्रेणीत दोनच जागा उरल्या आहेत आणि आपण चार जागा एकदम मागितल्या, तर बहुतेक ठिकाणी चौघांनाही वरच्या श्रेणीचा दर लागतो. म्हणून आधी एका जागेचा, मग चार जागांचा दर पाहावा. फरक दिसला तर दोन-दोन जागा वेगळ्या घेता येतात. मात्र प्रत्येक आरक्षणात मुलांसोबत एक मोठे माणूस असलेच पाहिजे. तसेच विमानाची वेळ बदलली तर दोन्ही आरक्षणे स्वतंत्रपणे सांभाळावी लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

मार्ग आणि हंगाम

साउथ आफ्रिकन एअरवेजने आपली मुंबई–जोहान्सबर्ग थेट सेवा २०१५ मध्ये बंद केली. केपटाऊनला जाणाऱ्या मुंबईकरांना वाटेत विमान बदलावेच लागते. दुबई, दोहा, आदिस अबाबा व नैरोबी हे नेहमीचे थांबे आहेत. काही प्रवासी जोहान्सबर्गला उतरून तेथून सुमारे दोन तासांच्या देशांतर्गत विमानाने पुढे जातात. पाहुणे दोन्ही शहरांत असतील तर जाताना जोहान्सबर्गला उतरावे आणि परतीचे विमान केपटाऊनहून धरावे. असे तिकीट एकाच आरक्षणात मिळते व उलट फेरीचा खर्च वाचतो.

हंगामाच्या बाबतीत आपल्या वाचकांना एक नैसर्गिक फायदा आहे. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर-जानेवारी हा ऐन उन्हाळा, शाळांच्या सुट्टीचा काळ आणि केपटाऊनच्या गर्दीचा मोसम. त्या वेळी दर चढलेले असतात. आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी असते तेव्हा तेथे थंडी सुरू होत असते. केपटाऊनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे छत्री व उबदार कपडे लागतील. पण पर्यटकांची गर्दी ओसरल्याने राहण्याचा खर्च उतरतो. जूनअखेर त्यांच्या शाळांना हिवाळी सुट्टी लागते, त्याआधी परतलेले बरे. तारखेत तीन-चार दिवसांची लवचीकता ठेवून आठवड्याच्या मधल्या वारांचे दर तपासले तर बरेचदा फरक पडतो. अमुक वारी मध्यरात्री तिकीट काढले की स्वस्त पडते, या समजुतीवर मात्र विसंबू नये.

दोन तिकिटांचा सापळा

सर्वांत मोठा मोह असतो तो तुकड्यातुकड्यांत तिकीट काढण्याचा. मुंबई–जोहान्सबर्ग एक तिकीट आणि तेथून केपटाऊनचे दुसरे. पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. केपटाऊनपर्यंतचे सलग परतीचे तिकीट माणशी ६० हजार रुपये, म्हणजे चौघांचे २ लाख ४० हजार. तुकड्यांत काढले तर ४८ हजार अधिक ६ हजार, माणशी ५४ हजार. चौघांचे २ लाख १६ हजार. वरवर २४ हजारांची बचत दिसते.

आता पुढचा हिशेब पाहा. देशांतर्गत स्वस्त विमानसेवेच्या सर्वांत कमी दरात मोठी बॅग बहुधा समाविष्ट नसते. चार बॅगांचे जाता-येता दर वेळी दीड हजार धरले तर १२ हजार झाले. पहिले विमान रात्री उशिरा पोहोचत असेल तर हॉटेल, टॅक्सी व जेवण मिळून चौघांचे आणखी १२ हजार. बचत संपली, दगदग उरली.

खरा धोका याहून मोठा आहे. पहिले विमान उशिरा आले व दुसरे चुकले, तर दोन स्वतंत्र तिकिटांच्या प्रवाशाची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. नवे तिकीट त्या दिवशीच्या दराने घ्यावे लागते. सलग तिकिटावर पुढची सोय लावणे हे विमान कंपनीचे काम असते. २३ जून २०२५ रोजी कतारने आपली हवाई हद्द काही तास बंद केली, तेव्हा अनेक विमाने माघारी फिरली किंवा अन्यत्र वळली. अशा वेळी एका तिकिटाची किंमत कळते. शिवाय कंपनीच बंद पडण्याचीही उदाहरणे आहेत. आपल्याकडे जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये व गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. दक्षिण आफ्रिकेत 'कुलुला' ही स्वस्त सेवा चालवणारी कॉमएअर २०२२ च्या मध्यास बंद झाली.

आणखी एक गोष्ट. सलग तिकीट असले तरी जोहान्सबर्गला उतरल्यास सामान तेथे ताब्यात घेऊन कस्टममधून न्यावे लागते. वृद्ध माणसे सोबत असतील तर थेट केपटाऊनला उतरणारे विमान थोडे महाग पडले तरी सोयीचे ठरते.

पिवळ्या तापाचा दाखला

आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट अनेकदा स्वस्त दिसते. परंतु इथिओपिया व केनिया हे पिवळ्या तापाच्या जोखमीचे देश मानले जातात. अशा देशाच्या विमानतळावर १२ तासांहून अधिक थांबल्यास दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते. भारताचा नियमही कडक आहे. अशा देशातून सहा दिवसांच्या आत आलेल्या प्रवाशाजवळ दाखला नसेल तर त्याला विलगीकरणात ठेवता येते. संपूर्ण वेळ विमानतळाच्या आवारातच थांबलेल्यांना सूट आहे, पण तीही आरोग्य अधिकाऱ्याची खात्री पटल्यावरच.

म्हणजे वाटेत 'एक रात्र हॉटेल फुकट' असे आमिष असेल तर आधी लसीचा विचार करावा. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो व २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया व वृद्धांनी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. कुटुंबातील एकालाही लस घेता येत नसेल तर हा मार्ग त्या कुटुंबासाठी स्वस्त नव्हे.

पैसे देण्यापूर्वी

तिकीट व हॉटेल एकत्र घेतले की ते 'परदेशी सहल पॅकेज' ठरते व विक्रेता त्यावर टी.सी.एस. वसूल करतो. याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत. केवळ विमान तिकीट किंवा केवळ हॉटेल घेतल्यास ते पॅकेज होत नाही, असे प्रत्यक्ष कर मंडळाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. ही रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करता येते, हे खरे. पण तोवर पैसा अडकून राहतो. नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांनी पॅकेजच्या भानगडीत पडण्याचे कारण नाही.

एजंटाकडून तिकीट घेण्यात गैर काहीच नाही. अडचणीच्या वेळी ओळखीचा एजंट उपयोगीच पडतो. मात्र पी.एन.आर. क्रमांक म्हणजे तिकीट नव्हे, ते केवळ आरक्षण आहे. पूर्ण पैसे दिल्यावर प्रत्येक प्रवाशाच्या नावे १३ अंकी तिकीट क्रमांक मागून घ्यावा व विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहावा. नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे ना, बॅगेचे वजन किती, तारीख बदलल्यास व तिकीट रद्द केल्यास किती कपात, हे लेखी घ्यावे. जातानाचे पहिले विमान सोडून दिले तर पुढचे सर्व टप्पे आपोआप रद्द होतात, हेही लक्षात असू द्यावे.

आमची वाचकांना एवढीच सूचना आहे की, दोन-तीन मार्गांचे दर कागदावर शेजारी शेजारी लिहावेत. प्रत्येकापुढे बॅग, मुक्काम, लस, घरापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे गाडीभाडे आणि परतीचाही तोच खर्च मांडावा. शेवटी जी बेरीज सर्वांत लहान येईल, तेच आपले स्वस्त तिकीट. जाहिरातीतला आकडा त्या बेरजेतली फक्त पहिली ओळ आहे.