जुन्या रागाची खतावणी

रक्तदाब तपासण्यासाठी येणाऱ्या अनेक ज्येष्ठांची गोळी वेळेवर असते, मीठ बेताचे असते. पण घराच्या वाटणीचा किंवा भावाने केलेल्या फसवणुकीचा विषय निघाला की चेहरा तांबडा होतो, आवाज चढतो. घटना वीस वर्षांपूर्वीची असते. शरीर मात्र ती आज सकाळीच घडल्यासारखे वागते.

हे केवळ माझे निरीक्षण नव्हे. अमेरिकेतील होप कॉलेजमधील मानसशास्त्रज्ञ शार्लट विटव्लिएट आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ७१ विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. दुखावणाऱ्या व्यक्तीविषयीचा आकस मनात घोळवताना त्यांची हृदयगती व रक्तदाब वाढले. क्षमेची कल्पना करताना ते तुलनेने शांत राहिले. प्रयोग तरुणांवरचा आणि अल्पकाळाचा होता, हे मात्र ध्यानात ठेवावे.

ख्रिस्ती धर्मात या दुखण्यावर जुना उपदेश आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सांगतो की, सूड स्वतः उगवू नये, तो देवाकडे सोपवावा. उलट वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घालावे. अन्याय झालाच नाही, असे तो कोठेही म्हणत नाही. अन्याय खराच, परंतु त्याची खतावणी आपल्या उशाशी ठेवू नये, हा त्याचा आशय. लगेच पुढच्या अध्यायात दुष्कृत्याला शासन करण्याचा राज्यकर्त्याचा अधिकारही तो मान्य करतो. उपदेश करणारे बहुधा हा भाग वगळतात, आणि मग क्षमा म्हणजे मुकाट्याने सोसणे असा समज पसरतो.

ग्लॅडिस स्टेन्स यांचे उदाहरण येथे बोलके आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व टिमोथी ही दोन लहान मुले गाडीत जिवंत जाळली गेली. मारेकऱ्यांना आपण क्षमा केली, असे त्यांनी जाहीर केले. खटला मात्र कायद्याच्या वाटेने चालला आणि मुख्य आरोपीला शिक्षाही झाली. पुढे काही वर्षे त्या बारीपदा येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिल्या. एवढे मोठे मन प्रत्येकाला साधेल, असे मी म्हणणार नाही. पण क्षमा एकीकडे आणि न्यायालय दुसरीकडे, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी दाखवले.

घरात सेवा करणाऱ्यांनी 'आता विसरा ना ते' असे म्हणू नये. त्याने राग शमत नाही, फक्त बोलणे थांबते. एकदा सगळे ऐकून घ्यावे. श्रद्धाळू व्यक्तीने रागासकट प्रार्थना केली तरी बिघडत नाही. बायबलमधील कित्येक स्तोत्रे तशीच, तक्रारीने भरलेली आहेत. राग एका दिवसात जात नाही, पुन्हा पुन्हा सोपवावा लागतो.

मारहाण, उपासमार किंवा पेन्शन काढून घेणे आजही चालू असेल, तर प्रश्न क्षमेचा नसून संरक्षणाचा आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि २००७ च्या कायद्यानुसार मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. शांत स्वभावाची व्यक्ती उतारवयात अचानक संशयी, चिडखोर झाली, तर तो स्मृतिभ्रंश वा नैराश्याचा आरंभ असू शकतो. उपदेशाआधी तिला डॉक्टरांकडे न्यावे. मन हलके झाले म्हणून रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.