नेच्याचा पंधरवडा

नातीच्या अकरावीच्या वहीत नेच्याच्या जीवनचक्राची आकृती मोठी सुबक होती. “हे प्रत्यक्ष पाहिलेस का?” असे विचारताच ती म्हणाली, “आजोबा, ते कुणी पाहत नाही, पाठ करतात.” उभी हयात बँकेत गेलेल्या मला हे मूळ पावती न पाहता खतावणी लिहिण्यासारखे वाटले.

अर्थात शिक्षकांचीही अडचण आहे. नेहमीचा नेचा बीजाणूपासून रोपापर्यंत यायला काही महिने घेतो. आणि आपल्या कोरड्या सोलापुरात तो जुन्या विहिरीच्या ओलसर भिंतीवर भेटला तर भेटतो. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात लेस्ली हिकॉक आणि थॉमस वॉर्न यांनी यावर तोड काढली. सेरॅटॉप्टेरिस रिचर्डी हा उष्ण प्रदेशातील नेचा त्यांनी ‘सी-फर्न’ या नावाने वर्गात आणला. २८ अंश सेल्सिअसला त्याचे बीजाणू तीन-चार दिवसांत रुजतात आणि सुमारे दोन आठवड्यांत युग्मकोद्भिद पक्व होतात. थंड देशांत एवढ्या उबेची सोय करावी लागते; आपल्याकडे ती बहुतेक महिने फुकट!

या नेच्यातील एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. जे युग्मकोद्भिद आधी पक्व होते ते हृदयाकृती व द्विलिंगी असते, आणि ते एक रसायन स्रवते. त्या प्रभावाने मागाहून वाढणारे शेजारी लहानखुरे नर बनतात. पाण्याचा थेंब पडताच त्यांतून पुंयुग्मके पोहत निघतात. हे सारे शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

त्याचाच भाऊबंद, सेरॅटॉप्टेरिस थॅलिक्ट्रॉइडिस, आपल्या देशातील पाणथळ जागी वाढतो. त्र्यं. शं. महाबळे यांनी १९४८ मध्ये त्याच्या युग्मकोद्भिदांवर शोधनिबंध लिहिला होता. मत्स्यपेटीच्या दुकानात तो ‘वॉटर स्प्राइट’ म्हणून मिळतो. चिखलात लावला की पाण्याबाहेरच्या पानांच्या दुमडलेल्या कडांखाली बीजाणू धरतात.

आम्ही घरी ते पेरले. “ओल साचली की जीवोत्पत्ती होणारच,” असे सौभाग्यवतींनी बजावले होते, आणि पहिल्या बशीत खरोखरच बुरशी आली. दुसऱ्या खेपेस माती भाजून घेतली व पाणी उकळून, निववून वापरले. उकळलेले पाणी आपल्या घरांत काही नवे नाही.

दोन आठवडे उलटल्यावर उसन्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब सोडला. नात बराच वेळ डोळा काढीना. मग तिने वही उघडली आणि हृदयाकृतीशेजारी एक लहानसा नर काढला. तिच्या पुस्तकातील आकृतीत तो नव्हता.