येरवड्याची पेटी

झाकण उघडलं की आत दोन चाकं दिसतात, एक मोठं, एक लहान. मोठ्या चाकावरची दोरी लहान चाकाला फिरवते, लहान चाकाची दोरी चातीला, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या सळईला. हात मोठं चाक सावकाश फिरवत असतो आणि तिकडे चाती डोळ्याला दिसेनाशी होते. मिटली की बगलेत मारून नेता येईल अशी ही पेटी. १९३०च्या मे महिन्यात गांधीजींना येरवड्याच्या तुरुंगात आणलं. त्या मुक्कामात काकासाहेब कालेलकर काही महिने सोबतीला होते. तिथे चरख्यावर जे प्रयोग झाले त्यांतून ही पेटी घडली, म्हणून तिचं नाव येरवडा चरखा.

मला मात्र तिच्यात सगळ्यात मोलाची वाटते ती चाती जिथे टेकते ती जागा. कारखान्यातल्या माणसाच्या भाषेत, तिचं बेअरिंग.

बेअरिंग निवडायचं म्हणजे आधी विचारायचं, यंत्र कशाने आजारी पडतं? स्वीडनमध्ये गोटेनबर्गच्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट देखभालीचं काम पाहत होता. खालची चिकणमाती खचायची, लांबलचक शाफ्ट सरळ रेषेतून हलायचे आणि बेअरिंगं जळायची. म्हणून १९०७ साली त्याने स्वतःच जुळवून घेणारं, दोन रांगांचं बॉल बेअरिंग केलं. एसकेएफ कंपनी त्यातून उभी राहिली. तिचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे. गिरणीचं दुखणं जमिनीत होतं, तोड बेअरिंगमध्ये सापडली.

आजही कॅटलॉग उघडण्याआधी हेच पाहावं लागतं. खोल खाचेचं बॉल बेअरिंग वेगाला उत्तम, थोडा आडवा रेटाही सोसतं. रोलर खाचेला रेघेवर टेकतो, म्हणून जड भार पेलतो. भार निम्मा केला तर हिशेबाने बॉल बेअरिंगचं आयुष्य आठपट होतं, रोलरचं सुमारे दहापट. महागडं बेअरिंग आणण्याआधी पट्ट्याचा ताण कमी करून पाहा, असं जुने फिटर सांगतात ते उगाच नाही.

चरख्यावर हे बोटांना कळतं. दोरी जास्त ताणली की चाती आधारावर दाबली जाते आणि मनगट भरून येतं. सैल सोडली तर दोरी खाचेत घसरते, चाती मागे राहते आणि पीळ कमी पडून सूत तुटतं. तेलाचं तसंच. थेंब आधारावर पडला तर चाती गुणगुणते, दोरीवर पडला तर तिची पकड जाते. मी तेल काडीच्या टोकाने लावते, बाटलीने कधीच नाही.

चातीवरचा भार किरकोळ, वेग मात्र भरपूर, म्हणजे हिशेबाने बॉल बेअरिंगचंच काम. पण ज्या घरात ती फिरायची तिथे ना पोलादी गोळ्या मिळणार, ना बेअरिंग ओढून काढायचा पुलर. म्हणून चामड्याचा किंवा दोऱ्याचा आधार. घरातल्या वापराचा असाच विचार आणखी एका ठिकाणी दिसतो. १९२९मध्ये गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं, त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांच्या आत. आठ तासांत १६,००० फूट सूत. वीस वर्षं चालला पाहिजे आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. कुठल्याही खरेदी विभागाने टेबलावर लावून ठेवावा असा हा तक्ता. आयुष्य आणि देखभालीचा खर्च त्यात आधीच लिहिलेला आहे. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

येरवड्यात वापरलेला म्हणून सांगितला जाणारा एक चरखा गांधीजींनी फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्याला दिला होता. २०१३मध्ये इंग्लंडच्या लिलावात तो १ लाख १० हजार पौंडांना गेला.

माझी पेटी मात्र रोजच्या वापरातली. तिच्यातलं चामडं गेल्या पावसाळ्यात झिजलं. चाती थरथरू लागली, सूत जाडंभरडं येऊ लागलं. जुन्या चपलेच्या पट्ट्यातून नखाएवढा तुकडा कापला, आरीने भोक पाडलं, तेलात भिजवून बसवला. संध्याकाळी पुन्हा कातायला बसले.