एक भाषा, पण गाडीची नावं अनेक

समजा, तुम्ही स्पेनची राजधानी माद्रिद इथं राहून स्पॅनिश भाषा चांगली घोटून घेतलीत. बसला ‘आउतोबुस’ म्हणायचं आणि मालमोटारीला ‘कामियोन’, हे पाठ झालं. मग तुम्ही मेक्सिकोला गेलात. रस्त्यात एका बाईंना विचारलंत, “बाजारात कसं जायचं?” त्या म्हणाल्या, “समोरून कामियोन येईल, त्यात बसा.” तुम्ही मनाशी म्हणाल, मालाच्या पोत्यांवर बसून जायचं की काय? पण समोर येऊन उभी राहते ती साधी प्रवासी बस! मेक्सिकोत बसलाच ‘कामियोन’ म्हणतात.

भाषा एक, मग शब्दाचा अर्थ असा कसा पालटला? याचं उत्तर इतिहासात आहे. 1492 साली कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच्यामागून स्पॅनिश भाषा जहाजातून तिकडे गेली. आज सुमारे वीस देशांची ती राजभाषा आहे. घर म्हणजे ‘कासा’, पाणी म्हणजे ‘आग्वा’, घोडा म्हणजे ‘काबाल्यो’. उच्चारात थोडाफार फरक पडेल, पण हे शब्द माद्रिदपासून चिलीपर्यंत तेच. ते स्पेनहून तयारच आले होते.

मोटारीचं तसं नाही. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे बहुतेक स्पॅनिश मुलूख 1810 ते 1825 या काळात स्वतंत्र झाले. मोटार आली त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी. तोवर घरं वेगळी झाली होती. पाहुणी एकच, पण प्रत्येक घरानं तिचं बारसं आपापल्या परीनं केलं.

आता अर्जेंटिनाचंच पाहा. तिथं बसला ‘कोलेक्तीवो’ म्हणतात. कोलेक्तीवो म्हणजे सामायिक. 1928 साली ब्वेनोस आयरेस शहरात टॅक्सीवाल्यांना गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा काही जणांनी ठरावीक रस्त्यानं, थोडक्या भाड्यात, चार-पाच उतारू एकदम न्यायला सुरुवात केली. पुढं त्या टॅक्सीची मोठी बस झाली, पण नाव सामायिकच राहिलं. शेजारच्या उरुग्वेत बसला ‘ओम्निबुस’ म्हणतात. हा मूळ लॅटिन शब्द. अर्थ, ‘सर्वांसाठी’. गंमत अशी, की आपण ज्याला बस म्हणतो ते या शब्दाच्या विभक्तिप्रत्ययाचं नुसतं शेपूट आहे! चिलीत लहान बसवरून ‘मिक्रो’ हे नाव पडलं, आणि मोठ्या बसलाही तेच चिकटलं.

लहान मोटारीची कथाही अशीच. स्पेनमध्ये ती ‘कोचे’. हा शब्द मूळचा घोडागाडीचा. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आलेला. आपण आगगाडीच्या डब्याला कोच म्हणतो, तोही याच घराण्यातला बरं का! कोलंबिया, व्हेनेझुएला इकडे मोटारीला ‘कार्रो’ म्हणतात. पण स्पेनच्या शेतकऱ्याला कार्रो म्हटलं की बैल किंवा खेचर जुंपलेला छकडा आठवतो. अर्जेंटिनात ‘आउतो’. म्हणजे कुणी घोडागाडीचं नाव मोटारीला दिलं, कुणी छकड्याचं, तर कुणी नव्या नावाचा अर्धा तुकडा ठेवला.

यातून फजितीही होते. स्पेनचा माणूस ग्वातेमालाच्या खेड्यात म्हणाला, “माझी कोचे बिघडली,” तर लोक बुचकळ्यात पडतील. कारण तिथं कोचे म्हणजे डुक्कर. क्यूबात आणि कॅनरी बेटांत बसला ‘ग्वाग्वा’ म्हणतात. या दोन्ही बेटांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे जात-येत राहिली, म्हणून शब्दही सामायिक. पण चिलीत ग्वाग्वा म्हणजे तान्हं मूल! हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या केचुआ भाषेतून आला. तेव्हा क्यूबाचा माणूस चिलीत सांगू लागला की ‘मी ग्वाग्वात बसून आलो’, तर ऐकणाऱ्यांनी काय समजावं?

आणखी एक मौज सांगतो. स्पॅनिशमध्ये ‘कोंदुक्तोर’ म्हणजे गाडी चालवणारा. तिकडे गेलेला आपला माणूस कोंदुक्तोरकडे तिकीट मागायला जाईल, तर तो चाक धरून बसलेला! मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘बरोबर घेऊन जाणं’. एका भाषेनं गाडी नेणारा धरला, दुसरीनं उतारू सांभाळणारा.

मग यांतला शुद्ध शब्द कोणता? स्पॅनिश भाषेची अकादमी माद्रिदमध्ये 1713 साली स्थापन झाली. 1951 साली मेक्सिकोत निरनिराळ्या देशांच्या अकादमींनी एकत्र येऊन संघ स्थापन केला. 2010 साली त्या संघानं केवळ अमेरिकेतल्या स्पॅनिश शब्दांचा स्वतंत्र कोश काढला. त्यात शब्दापुढं देशाची खूण असते. हा शब्द चूक असं नव्हे, तर हा शब्द अमुक ठिकाणचा, एवढंच कोश सांगतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यातली गोष्ट आपल्या वर्गातही उपयोगी पडेल. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणारं मूल घरचा शब्द घेऊन शाळेत येतं. ‘असं म्हणत नाहीत’ म्हणून आपण तो एकदम खोडला, तर शब्दाबरोबर ते मूलही गप्प होतं. त्याऐवजी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहावेत, आणि कोणता कुठला ते त्यालाच विचारावं. पुस्तकातला शब्द त्यानं शिकावाच, पण घरचा टाकून नव्हे. बाजाराला पोचायचं असेल तर कामियोनमध्ये बसणाराही पोचतो आणि ग्वाग्वात बसणाराही!