एकाच कारखान्यातले दोन सर्व्हर एकमेकांशी का बोलत नाहीत?

धाराशिव जिल्ह्यातला एखादा साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. गळीत हंगाम सुरू आहे. वजनकाट्यावर उसाची गाडी चढते, वजन संगणकात उतरतं, पावती निघते. याच वजनावर शेतकऱ्याचं ऊसबिल ठरतं. आता समजा, काट्याचा सर्व्हर एका नेटवर्कमध्ये आहे आणि हिशेब विभागाचा दुसऱ्या. दोन्ही लिनक्सवर चालतात, दोन्ही सुरू आहेत, केबलही ठीक आहे. तरी वजनाची नोंद शंभर मीटरवरच्या हिशेब विभागात पोहोचत नाही. अडतं कुठे?

सबनेट म्हणजे काय?

याचं उत्तर पिनकोडमध्ये सापडतं. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. धाराशिवचा पिन ४१३५०१, सोलापूरचा ४१३००१. पहिले तीन आकडे टपालाचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन टपाल कार्यालय.

आयपी पत्त्याचेही असेच दोन भाग असतात. काट्याच्या सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१०.५ आणि हिशेबाचा १९२.१६८.२०.५ आहे असं धरू. सबनेट ‘/२४’ असेल तर पहिले तीन भाग म्हणजे नेटवर्क आणि शेवटचा भाग म्हणजे त्यातलं यंत्र. इथे तिसरा भागच वेगळा आहे, म्हणजे हे दोन वेगळे सबनेट झाले. आपल्या सबनेटमधल्या यंत्राला सर्व्हर माहिती थेट देतो. बाहेरचा पत्ता दिसला की ती गेटवेकडे सोपवतो.

मग वेगळे सबनेट ठेवायचेच कशाला?

सुरक्षेसाठी. कार्यालयातल्या एखाद्या संगणकात व्हायरस शिरला तर तो थेट काट्यापर्यंत जाऊ नये, म्हणून. मधल्या दारातून फक्त गरजेपुरती माहिती जावी, हा हेतू.

रस्ता कसा तयार होतो?

मध्ये दोन नेटवर्क कार्ड असलेलं एक लिनक्स यंत्र ठेवतात. त्याचं एक कार्ड १९२.१६८.१०.२५४ वर, दुसरं १९२.१६८.२०.२५४ वर. पण नुसतं ठेवून भागत नाही. एका कार्डावर आलेली माहिती दुसऱ्या कार्डावरून पुढे पाठवणं लिनक्समध्ये मुळात बंद असतं. त्यासाठी ‘आयपी फॉरवर्ड’ या सेटिंगची किंमत ० वरून १ करावी लागते. फायरवॉलमध्येही ही ये-जा मान्य करावी लागते. मधल्या यंत्रावर डॉकर असेल तर हे हमखास तपासावं, कारण डॉकर अशी वाहतूक अनेकदा अडवून ठेवतो.

मग काट्याच्या सर्व्हरला ‘आयपी राउट ॲड’ या आज्ञेने सांगायचं: २० च्या नेटवर्कला जायचं असेल तर १०.२५४ मार्गे जा.

तरीही पिंगला उत्तर का येत नाही?

सर्वात जास्त वेळ इथेच वाया जातो. काट्याची नोंद हिशेबाच्या सर्व्हरपर्यंत पोहोचलेली असते, पण परतीचा रस्ता त्या सर्व्हरला माहीत नसतो. त्याचा गेटवे म्हणजे इंटरनेटचा राउटर, त्यामुळे उत्तर तिकडे जातं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ पासून खासगी वापरासाठी राखीव आहेत, इंटरनेटवर त्यांना रस्ता नाही. उत्तर वाटेतच हरवतं.

म्हणून दुसरी नोंदही हवी. हिशेबाच्या सर्व्हरवर १० च्या नेटवर्कसाठी २०.२५४ हा मार्ग. राउटिंगमध्ये जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगवेगळा सांगावा लागतो.

शॉर्टकट चालेल का?

काही जण परतीचा मार्ग न लिहिता मधल्या यंत्रावर ‘नॅट’ सुरू करतात. काम होतं, पण मग हिशेबाच्या सर्व्हरला प्रत्येक नोंद मधल्या यंत्राकडूनच आलेली दिसते. चार काटे असतील तर कोणत्या काट्याच्या संगणकाने वजन पाठवलं, हे त्याच्या लॉगवरून कळत नाही. उद्या शेतकऱ्याने वजनावर हरकत घेतली, तर नेमका हाच पुरावा लागतो.

दोन्हीकडे एकच पत्ता असेल तर?

धाराशिव जिल्ह्यात वाशी आहे आणि नवी मुंबईतही वाशी आहे. पत्रावर नुसतं ‘वाशी’ लिहिलं तर पोस्टमनने करायचं काय? बाजारातले बरेच राउटर १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० हेच नेटवर्क घेऊन येतात. दोन शाखांनी ते तसंच ठेवलं तर पलीकडचा पत्ताही आपल्याच घरातला वाटतो आणि माहिती गेटवेकडे जातच नाही. एका शाखेचं नेटवर्क बदलणं, हाच सरळ उपाय.

बिघाड कसा शोधायचा?

काट्याच्या सर्व्हरवरून क्रमाने पिंग करा: आधी १०.२५४, मग २०.२५४, मग २०.५.

• पहिलंच अडलं तर केबल किंवा पत्ता तपासा.
• दुसरं अडलं तर काट्याच्या सर्व्हरवरचा मार्ग पाहा.
• फक्त तिसरं अडलं तर फॉरवर्डिंग, फायरवॉल किंवा परतीचा मार्ग. हिशेबाच्या सर्व्हरवर ‘टीसीपीडम्प’ चालवा. विचारणा येताना दिसते आणि तरी काट्याला उत्तर मिळत नाही, तर आधी परतीचा मार्ग पाहा.

शेवटची गोष्ट: आज्ञेने टाकलेला मार्ग सर्व्हर बंद करून सुरू केला की पुसला जातो. तो उबुंटू सर्व्हरवर ‘नेटप्लॅन’मध्ये, इतरत्र ‘नेटवर्क मॅनेजर’मध्ये कायमचा लिहा. ‘आयपी फॉरवर्ड’ही तसंच ‘सिसकंट्रोल’च्या फाइलमध्ये नोंदवा. नाहीतर रात्री वीज गेली की सकाळी गाड्यांची रांग लागलेली असेल आणि वजनं पुन्हा काट्यावरच अडकलेली असतील.